बिशपचा उपास

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या टूवूम्बात तेव्हा जुलैच्या थंडीत नाताळ करायची हौस होती. डिसेंबरच्या उकाड्यात पुडिंग घशाखाली उतरत नाही, म्हणून थंडीत एकदा पुन्हा. त्या वर्षी साप पाळणाऱ्यांच्या सर्पमंडळाचा जुलैचा नाताळ मर्ल ट्रास्ककडे होता आणि मर्लचा जीव टांगणीला लागला होता.

कारण बिशप. तिच्या नवऱ्याचा, लेनचा, सात फुटी पाळीव अजगर. मार्चमध्ये लेन गेला आणि बिशपने अन्नाला तोंड लावायचं सोडलं. लेनने मंडळाला सहीनिशी लिहून दिलं होतं, माझ्यामागे बायकोला जमलं नाही तर अजगर मंडळाचा. अध्यक्ष डेझमंड प्रॅटलींनी पत्रच धाडलं: नाताळाच्या दिवशीही बिशप जेवला नाही, तर त्याला 'जाणकार हाती' सोपवू. हे हात कोणाचे ते सगळ्यांना ठाऊक होतं. प्रॅटलींच्या घरी नवी काचेची पेटी येऊन पडली होती.

वीस वर्षं मर्ल बिशपला 'तुझा तो मेला दोर' म्हणत आली. पण आता घरात दुसरं श्वास घेणारं कोणीच उरलं नव्हतं.

तिने काही कमी केलं नव्हतं. फ्रीझरमधला उंदीर आदल्या दिवशी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सोडायचा, मऊ झाला की चिमट्याने बिशपपुढे धरायचा. बिशप जीभ बाहेर काढून वास घेई आणि मान वळवी.

दुपारी मंडळी जमली. प्रत्येकाच्या हातात घरून आणलेलं एक ताट, तोंडात एक सल्ला.

"पेटी लहान पडते त्याला."

"छे हो, फार मोठी आहे. भेदरलाय तो."

"शोक झालाय बिचाऱ्याला."

प्रॅटलींनी बिशपला बाहेर काढून तोललं, फूटपट्टीने मोजलं, फोटो काढले, आणि कोणाला दिसलं नसेल म्हणून पुन्हा तोललं. "मिसेस ट्रास्क, भूक ही शिस्तीची गोष्ट आहे," ते म्हणाले आणि पुडिंगचा दुसरा तुकडा वाढून घेतला. "पुडिंग मात्र फर्मास हं!"

लेनचा जुना दोस्त नेव्ह कोपऱ्यात बिअर पीत बसला होता. मंडळाची नोंदवही तोच ठेवायचा. मर्ल त्याच्याजवळ गेली.

"नेव्ह, तू कायम लेनबरोबर मागच्या शेडमध्ये असायचास. बिशपला भरवताना तो असं काय वेगळं करायचा रे?"

"वेगळं कसलं? आंघोळ घालायचा की."

"बिशपला?"

"अगं, उंदराला! गरम पाण्यात, पंधरा मिनिटं. गारठलेलं मढं कोण खाईल? मग पेटीवर टॉवेल टाकायचा आणि मलाही बाहेर हाकलायचा. म्हणायचा, साहेबांना जेवताना कोणी बघितलेलं खपत नाही."

"आणि पाणी कशात घ्यायचा?"

"त्या निळ्या काठाच्या भांड्यात." नेव्हने टेबलाकडे बोट केलं. "हे काय, इथंच आहे की."

पुडिंग उलटं करून काढलेलं ते रिकामं भांडं सगळ्यांसमोर होतं. दर नाताळात मर्ल ते शोधत फिरायची आणि लेन शेडमधून आणून द्यायचा. म्हणायचा, स्क्रू ठेवले होते गं त्यात.

प्रॅटलींचा चमचा तोंडाशीच थांबला. "म्हणजे... दर आठवड्याला?"

"छे! महिन्यातून दोनदा. धुवायचा बरं का तो." नेव्हने जरा आठवून पाहिलं. "बहुतेक."

दहा मिनिटांत घर रिकामं झालं. माणसं गेली, ताटं राहिली, आणि नेव्ह.

मर्लने किटली चढवली. भांड्याची अब्रू गेलीच होती, तेव्हा उंदराला त्याच भांड्यात आंघोळ घातली, कोमट झाल्यावर पेटीत ठेवला, वर सिडनीच्या पुलाचं चित्र असलेला टॉवेल टाकला, आणि दोघं स्वयंपाकघरात पेटीकडे पाठ करून बसली.

"बघू नकोस हं," ती म्हणाली.

"तूच बघतेयस."

आतून धप्प आवाज आला. अर्ध्या तासाने मर्लने टॉवेलचा कोपरा उचलला. बिशपच्या तोंडातून फक्त उंदराची शेपटी लोंबत होती, एखाद्या शेवईसारखी. मर्लने टॉवेल हळूच खाली सोडला आणि त्याच्याच दुसऱ्या कोपऱ्याला डोळे पुसले.

"खा रे, मेल्या दोरा," ती म्हणाली.

नेव्हने नोंदवहीत तारीख टाकली: 'बिशप जेवला. अध्यक्षांनी अन्न सोडले आहे.'

मग उरलेलं पुडिंग त्याने आपल्याकडे ओढलं.