एक्केचाळिसावी बाटली

खसखशीएवढ्या समुद्री जीवाच्या कवचाच्या तोंडाशी अडकलेला तो कण – मीठ नव्हे, वाळू नव्हे, काचेची बारीक सुई असावी तसा – रेचलने ब्रशच्या ओल्या टोकाने बाजूला सारला, आणि मग पालीच्या घरी आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली तिचा हात थांबला. असे कण ती वर्षभर सारत आली होती. कचरा म्हणून.

जिप्सम. खोल समुद्राच्या तळाशी हे सहसा होत नाही. तिथून आणलेला गाळ बाटलीत ओला राहिला, आंबटला, कवचांचा चुना खाऊ लागला, की मग होतं... तिने जुनी वही ओढली. चाळीसपर्यंतच्या बाटल्या वेळेवर धुतलेल्या, वाळवलेल्या. एक्केचाळीसपासून पुढच्या तीन महिने तशाच, कारण तेव्हा पप्पांना पक्षाघात झाला होता आणि ती प्रयोगशाळा वाऱ्यावर सोडून पालीला, याच खोलीत, त्यांना चमच्याने पेज भरवत बसली होती. आणि एक्केचाळीसपासूनच कवचं पातळ! त्या बाटल्यांतल्या थरांच्या काळी, वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्राने पोटात कार्बन साठवला, पाणी आंबटलं, कवचं झिजली – सहा वर्षांच्या पीएचडीत तिला सापडलेली ही एकच गोष्ट. ती समुद्राची नव्हतीच, बाटल्यांची होती. नवा गाळ? साडेतीन हजार मीटर खोलवरून पुन्हा कोण काढून देणार – ते जहाज म्हणजे काय पालीची मासळीची बोट, आज नाही तर उद्या जाईल म्हणायला?

फोन उजळला. तिचे गाइड, पराग सर. ‘रेचल, पेपर संध्याकाळी सबमिट करतोय. काही राहिलंय का?’

ती उत्तर लिहू लागली, पुसू लागली. सांगितलं तर सहा वर्षं पाण्यात. नाही सांगितलं तर कुणाला कळणार होतं? पुरावा तर तिनेच, एकेक कण करून, झाडून टाकला होता.

“जेवाचा न्हाय काय?” मम्मी दारात उभी होती. “पप्पा असते तर वरडले असते.” मग जरा थांबून म्हणाली, “पन तू व्हतीस ना तवा तीन महिने, म्हनून सुखान् गेले बग.”

“हो,” रेचल म्हणाली.

आणि तिला पप्पांचा राग आला – आयुष्यात पहिल्यांदा, तोंड कडू होईल इतका. डॉक्टर तर म्हणाले होते, आठवडाभर फार तर. त्या आठवड्यातच गेले असते तर... इतके दिवस का लावलेत, पप्पा? हे मी म्हणतेय, मी, जिने त्यांचे ओठ कापसाने ओले केले... तिने तो विचार मागे घेऊन पाहिला. तो मागे जाईना.