झील धरणारा

"माझा शबुद खाली पडू द्यायचा न्हाई, नवनाथ. मी इचारलं की तू जबाब द्यायचा. मधी वारासुदिक शिरला न्हाई पायजे."

दत्तोबांनी हे सांगितलं त्याला आता खूप वर्षं झाली. पण यंदा चिखलीच्या दत्तमंदिरात आमचे हे त्यांच्या मागे उभे होते, तेव्हा तेच शब्द ह्यांच्या कानात असणार. नाहीतर तसं झालं नसतं.

दत्तजयंतीची संध्याकाळ होती. मांडव भरला होता. दत्तोबा नुसती एकतारी घेऊन बसले होते आणि ढोलकीवाल्याला त्यांनी बाजूला बसवलं होतं. गाणं नवं होतं, अगदी खालच्या आवाजातलं. "बोलून झालं सारं, आता बस जरा," एवढं म्हणून ते थांबले. डोळे मिटले. एकतारीवरचं बोटही थांबलं.

आणि त्या शांततेत आमच्या ह्यांनी कानावर हात ठेवून खणखणीत झील दिली, "आता बस जराऽऽ."

ढोलकीवाला मघापासून हात चोळत बसला होता, त्यानंही थाप मारली. मांडवातून शिट्ट्या आल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "आत्ता कसं. होऊन जाऊ द्या ते 'पहिली पाळी' गाणं."

दत्तोबांनी डोळे उघडले. ते रागावले नाहीत. एकतारी मांडीवर आडवी ठेवली, दत्ताच्या मूर्तीला हात जोडले आणि म्हणाले, "आज हितंच थांबू."

झील म्हणजे गाणाऱ्याच्या मागे उभं राहून त्याची ओळ उचलून धरणं. आमच्या ह्यांनी आयुष्यभर तेच केलं. पोटासाठी हे चाकणच्या एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतात, पण चिखलीत कुणी ह्यांना त्यावरून ओळखत नाही. "दत्तोबांचे झीलवाले" म्हटलं की पोरसुद्धा आमचं घर दाखवतं. हे बीडहून कंत्राटी कामावर आले तेव्हा एका खोलीत सहाजण राहायचे आणि ह्यांना इथं हाक मारणारं कुणी नव्हतं. अशात एका हळदीला मांडवाबाहेर उभे राहून हे गुणगुणत होते, ते दत्तोबांनी ऐकलं आणि हाताला धरून आत नेलं. आमचं लग्नही दत्तोबांच्या ओळखीतूनच जमलं. मी रोज देवापुढे ज्यांची नावं घेते त्यात त्यांचं नाव आहे.

दत्तोबा मूळचे चिंचवडगावचे. फोर्जिंगच्या कारखान्यात घणावर नोकरी केली आणि गाणी स्वतः लिहिली, स्वतः चाली लावल्या. त्यातलं हळदीचं गाणं तर कारखान्यांच्या गेटपर्यंत पोचलं. 'पहिली पाळी माहेरची गं, दुसरी पाळी सासरची, तिसऱ्या पाळीला कोण गं, तिसऱ्या पाळीला कोण?' असं दत्तोबा विचारायचे आणि मागून हे उत्तर द्यायचे, 'देव जागा गं बाई, देव जागा.' शिफ्टमध्ये आयुष्य काढलेली माणसं ते ऐकताना नाचायची आणि त्यांच्या बायका पदरानं डोळे टिपायच्या. म्हातारपणाची ती तिसरी पाळी, सगळ्यांना कळायची.

गेल्या वर्षापासून मात्र दत्तोबांनी ते गाणं सोडलं. ढोलकी सोडली. नव्या गाण्यांत झील नव्हतीच. हे तरीही दर कार्यक्रमाला मागे जाऊन उभे राहायचे, हात बांधून.

त्या दिवशी प्रसादाच्या रांगेत मंडळाचा समाधान ह्यांच्याजवळ आला. त्याचं लेथचं वर्कशॉप आहे, बोलणं त्या मशीनइतकंच मोठं.

"नवनाथराव, बरं केलं तुम्ही. आम्ही काय मौनव्रताला मंडप घातला होता का? माझे आईवडील ट्रॅक्टरमधून आले होते राव गाणं ऐकायला. अर्ध्यात उठून भेळ खायला गेले."

"म्या काय मुद्दाम केलं का, भाऊ?" हे म्हणाले. "तोंडातून गेलं."

"ते कळलं. पण म्हाताऱ्याला सांगा, पब्लिकला जुनंच पायजे."

आमची लेक दिव्या वाकडला एका आयटी कंपनीत आहे, ती त्या दिवशी मुद्दाम आली होती. ती पटकन म्हणाली, "सगळ्या पब्लिकला नाही हं, समाधानदादा. आमच्या फ्लॅटमधल्या मुली रोज झोपताना दत्तोबा आजोबांचं नवं गाणं लावतात."

"झोपतानाच ना? मग तेच म्हणतोय मी."

सगळे हसले. हे हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ह्यांची सुट्टी होती. माझा सकाळचा जप पुरा होईपर्यंत मी बोलत नाही, हा नेम घरात सगळ्यांना माहीत आहे. तरी हे देवघराच्या उंबऱ्याशी येऊन बसले आणि बोलू लागले.

"दत्तोबांनी गाणं बदललं ते चांगलंच आसंल. त्यांना कोण शिकवणार? पण पद्मा, मला एक सांग, मागं कुणी नको म्हणल्यावर मागच्या माणसानं उभं कुठं ऱ्हायचं? कंपनीत मी गेलो तर दुसरा येईल फोर्कलिफ्टवर. हितं मीच व्हतो."

माझ्या हातातली माळ चालू होती. मी उत्तर दिलं नाही म्हणून असेल, हे आणखी बोलत राहिले. मी कधी ऐकलं नव्हतं असं बरंच. मध्येच थांबले, जास्वंदीचं खाली पडलेलं फूल उचलून परत देवापुढे ठेवलं आणि पुन्हा बोलले. जप संपल्यावर मी एवढंच म्हटलं, "चला, दत्तोबांकडे जाऊन येऊ."

दत्तोबा ओसरीवर सकाळचं ऊन घेत बसले होते. हे पाया पडले आणि म्हणाले, "चुकलं माझं."

"कायबी चुकलं न्हाई. बस. पद्माताई, तुमीबी बसा." मग ते म्हणाले, "नवनाथ, तुझा जबाब तयार आसायचा म्हणून मला इचारताना कधी भ्या वाटलं न्हाई. आख्खं आयुष्य मी तिसऱ्या पाळीला कोण, तिसऱ्या पाळीला कोण म्हणत ऱ्हायलो, आन् मला म्हाईत व्हतं तू मागून देव जागा म्हणणार. आता माझी खरीच तिसरी पाळी लागली. आता वाटतं, एकदा इचारावं आन् गप बसावं. बघू तरी, तो सोता काय बोलतोय का."

हे खाली बघत होते. "मंग मी येऊ नको म्हणता?"

"यायचं. म्होरं बसायचं, ऐकायला. माझं गाणं म्होरनं तू कधी ऐकलंयस का?"

ह्यांनी मान हलवली. खरंच नव्हतं ऐकलं. इतक्या वर्षांत ह्यांनी फक्त दत्तोबांची पाठ पाहिली होती.

एवढ्यात सुमनताई आल्या. चिखलीत त्यांची पिठाची गिरणी आहे. नवरा लवकर गेला आणि गिरणीवर त्यांनी चार मुली वाढवल्या. मोठ्या तिघींच्या हळदीला दत्तोबाच गायले होते. आता धाकटीचं, मैत्रीचं, लग्न होतं. त्यांनी अक्षता ठेवल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "मैत्रीची हळद रविवारी. दत्तोबा, तुमचं नवं मी ऐकलं. चांगलं आहे. गिरणी बंद करून एकटी बसले की ऐकावं असं आहे. पण हळदीला पहिली पाळीच पाहिजे. तिघींना मिळालं ते हिलाच का नाही?"

"सुमन, ते गाणं आता माझ्याच्यानं खोटं व्हईल."

"मग पोरं डीजे लावतील. मांडवात आईनं लेकीशी दोन शब्द बोलायचे तर तेही ऐकू येणार नाहीत." त्यांचा आवाज बदलला. "मला नाही हो बोलता येत तिच्याशी. तिघींच्या वेळी ते गाणं होतं म्हणून निभावलं."

 दत्तोबांनी ह्यांच्याकडे बोट केलं. "त्यो म्हनंल."

हे एकदम उठूनच उभे राहिले. "मला नाही जमायचं. पहिली वळ म्या जन्मात म्हणली नाही."

"समदी तोंडपाठ हाय तुला. माझ्यापरीस जास्त. मधली कडवी मी इसरायलोय."

"पाठ हाय हो. पण मी म्होरं उभा ऱ्हायलो तर मागं कोण? मी इचारल्यावर जबाब कोण देणार?"

 सुमनताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. माझा आवाज असा की भाजीवालीलाही दोनदा सांगावं लागतं. बायकांच्या भजनातही मी ओठ हलवते, इतकंच. पण सकाळी हे उंबऱ्यावर बसून बोलले होते आणि मला काही जबाब देता आला नव्हता.

"झील मी धरते," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दत्तोबा हसत म्हणाले, "पद्माताई, तुमचा आवाज ह्या खांबापोतर तरी येतो का?"

"ह्यांच्यापर्यंत आला म्हणजे झालं," मी म्हटलं. "येते मी, सुमनताई. शब्द दिला."

चार दिवस ह्यांनी घरात गाणं काढलं नाही. कामावर जायचे, यायचे. एकदा फक्त विचारलं, "खरंच येणार का?" मी म्हटलं, "देवापुढे सांगून ठेवलंय." मग पुन्हा विचारलं नाही. दिव्याचा फोन आला. "आई, तू गाणार? बाबा पुढे आणि तू मागे? मी सुट्टी काढून येते. आणि मला आजोबांचं नवंही आवडतं, हे बाबांना सांग. दोन्ही आवडू शकतं."

रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर हे इस्त्रीचा सदरा घालून खाली गेले. मी देवाला हळदकुंकू वाहिलं, दत्तोबांच्या नावानं नमस्कार केला आणि दाराला कुलूप लावलं.  जिना उतरताना पाणी प्यायला परत वर जावं असं वाटलं, पण गेले नाही.

हे स्कूटर चालू करून थांबले होते. मी मागे बसले. कुदळवाडीच्या रस्त्यावर ट्रकांची रांग होती, सगळीकडे पत्र्याचा आणि वेल्डिंगचा आवाज. त्या आवाजात मला आधी कळलंच नाही. मग ह्यांच्या पाठीवर हात टेकवला तेव्हा तळव्याला कळलं, हे हेल्मेटच्या आत पहिली ओळ म्हणत होते.

मी पदर खोचून घेतला आणि नीट ऐकू लागले.