पिवळं तेल

बेयशेनने पाना वरच्या बुचाला लावला, पाय खड्ड्याच्या फळ्यांना टेकवले आणि सगळा जोर काढला, तर बूच मुकाट्याने सुटलं. जोर वाया गेला, म्हातारा मागे फळ्यांवर आपटला आणि त्याने स्वतःलाच एक शिवी हासडली.

हे बूच एरवी असं सुटत नसे. वर्षातून दोनदा, बर्फ वितळल्यावर आणि बर्फ पडायच्या आधी, त्याचा धाकटा मुलगा एरमेक गाडी घरी आणायचा आणि बेयशेन अंगणातल्या खड्ड्यात उतरून गिअरबॉक्सचं आणि पुढच्या-मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलचं तेल बदलायचा. वरचं बूच सुटल्याशिवाय खालच्याला हात लावायचा नाही, हा त्याचा नियम. खालून तेल काढून टाकलं आणि मग वरचं अडून बसलं, तर नवं तेल भरणार कुठून? चाळीस वर्षं सरकारी ट्रक घाटावरून हाकताना असे बरेच शहाणे त्याने पाहिले होते, रिकाम्या गाडीशेजारी उकिडवे बसलेले.

वर अंगणात कोणी नव्हतं. एरमेक मित्राच्या मुलाला पाळण्यात घालायच्या जेवणाला गेला होता, म्हणजे संध्याकाळपर्यंत तो काही येत नाही. उद्या सकाळी त्याला नारीनहून उतारू भरून बिश्केकला निघायचं होतं. सहा वर्षं त्याचं हेच चाललं होतं: चार दिवस घरी, वीस दिवस शहरात.

बेयशेनने घमेलं सरकवलं आणि खालचं बूच सोडलं. तेल पडलं ते पिवळं, स्वच्छ, आत्ता डब्यातून ओतावं तसं.

त्याने चष्मा कपाळावर घेतला, पुन्हा डोळ्यांवर घेतला. सहा महिने घाट चढलेल्या गाडीचं तेल असं नसतं. ते काळपट येतं आणि बुचाच्या लोहचुंबकाला लोखंडाचा लगदा चिकटलेला असतो. इथे चुंबकावर नावापुरती साय होती आणि बुचाखालचं तांब्याचं वायसर नवं कोरं होतं. त्याने रांगत जाऊन गिअरबॉक्सचं बूच ढिलं केलं. तिथलंही तेल पिवळंच.

शहरात कुठल्या तरी गॅरेजात करून घेतलं असेल, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. मग फडकं घेऊन डिफरन्शियलच्या पोटावरचा चिखल पुसला.

तिथे तारखा होत्या. प्रत्येक वेळी काम झालं की बेयशेन काडीने पांढऱ्या रंगात तारीख लिहायचा, गाडी किती किलोमीटर चालली ते लिहायचा आणि पुढे दोन शब्द: अक जोल. घरचं माणूस निघालं की थोरांनी म्हणायचं, रस्ता पांढरा होवो. जुन्या तारखा झिजल्या होत्या. शेवटची एप्रिलची, त्याच्या बोजड अक्षरातली. तिच्याखाली निळ्या रंगात, खिडक्यांना लावतात तसल्या निळ्या रंगात, सुबक तिरप्या अक्षरात कोणीतरी लिहिलं होतं: चौदा ऑगस्ट. मग किलोमीटर. मग अक जोल.

गॅरेजवाला पावती देतो, आशीर्वाद देत नाही. हे लिहितो तो म्हातारा, ज्याच्या दारातून गाडी निघते आणि ज्याच्या दारात ती परत येते.

बेयशेनला पहिला राग आला तो त्या म्हाताऱ्याचा. काम चोख केलं होतं हरामखोराने. वायसरसुद्धा बदललं होतं, ते तर बेयशेन दोनदोन वर्षं तेच वापरायचा. मग हळूहळू बाकीचं त्याच्या ध्यानात आलं. ऑगस्टचा अख्खा महिना एरमेक आला नव्हता. रस्त्याचं काम चाललंय, घाट बंद आहे, असं फोनवर म्हणाला होता. गवत सुनेने एकटीने कापलं, रचलं, गोठ्यावर चढवलं. आणि घाट तर सुरू होता, शेजाऱ्यांच्या गाड्या रोज येत-जात होत्या. ते तेव्हाही बेयशेनला ठाऊक होतं. त्याने विचारलं नव्हतं.

आता खरं तर त्याच्या मनात सुनेचा विचार यायला हवा होता. झिपार अकरा वर्षं या घरात राबत होती. पण म्हाताऱ्याच्या मनात आलं ते वेगळंच: ही गेली तर सोनुनबूला कोण उचलणार? त्याची बायको तीन वर्षं अंथरुणाला खिळली होती. तिला सकाळी उठवून बसवायचं, धुवायचं, रात्री दोनदा कूस पालटून द्यायची, हे सगळं झिपार करत होती. थोरल्या दोघांच्या बायका आपापल्या घरी. आईबाप धाकट्याकडे, म्हणजे धाकट्याच्या बायकोकडे. हा विचार आधी आला याची त्याला लाज वाटली, पण विचार काही गेला नाही.

आणि झिपार आता येणार होती. उतरलेलं तेल ती दर वेळी घेऊन जायची आणि गोठ्याच्या खांबांना फासायची, वाळवी लागू नये म्हणून. अकरा वर्षांत बावीस वेळा तिने ते काळं तेल पाहिलं होतं. हे पिवळं पाहिल्यावर ती विचारल्याशिवाय राहणार नव्हती.

बेयशेनने उरलेलं तेलही घमेल्यात उतरवलं, घमेलं वर सरकवलं आणि गुडघ्यांवर हात टेकत तो खड्ड्याबाहेर आला. गेल्या आठवड्यात ट्रॅक्टरच्या इंजिनाचं तेल काढून त्याने डब्यात ठेवलं होतं, डांबरासारखं काळं. पिवळं तेल त्याने दुसऱ्या डब्यात ओतलं, तो डबा सरपणामागे लपवला आणि काळं घमेल्यात ओतलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण हात चोरट्या पोरासारखे चालत होते. मग खाली उतरून त्याने नवं तेल पंपाने भरायला घेतलं, वरच्या भोकातून ओघळेपर्यंत, आधी मागे, मग पुढे, मग गिअरबॉक्समध्ये. बुचं आवळून झाली तेव्हा झिपार चहाची किटली आणि कढईतून काढलेले कणकेचे बोर्सोक घेऊन येत होती.

"बाबा, वर या. गार होईल."

"तू ठेव. आलोच."

तिने ताट ओट्यावर ठेवलं आणि घमेलं उचलायला वाकली. वाकली तशीच थांबली. बेयशेन खड्ड्यातून डोकं काढून बघत होता. तिने घमेल्यावर नाक नेलं, बोट बुडवलं, बोटाचा वास घेतला.

"हे इंजिनाचं आहे," ती म्हणाली.

"डोकं फिरलंय का तुझं? आत्ता काढलंय."

"गिअरच्या तेलाला नासक्या अंड्याची घाण येते, बाबा. दोन दिवस माझ्या केसांतून जात नाही. पोरगी, मेरिम, जवळ झोपत नाही माझ्या." तिने बोट परकराला पुसलं. "याला तो वास नाही."

बेयशेनने हातातला पाना फळीवर ठेवला. त्याला कधी कसलाच वास येत नसे. चाळीस वर्षं डिझेल हुंगून त्याचं नाक केव्हाच मेलं होतं, आणि सुनेचंही नाक असतं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"खरं कुठे लपवलंत?"

त्याने सरपणाकडे बोट केलं. ती गेली, डब्याचं झाकण काढलं, आत पाहिलं आणि झाकण परत लावलं. तिच्या चेहऱ्यावर नवल दिसलं नाही. बेयशेनला तेच बघवेना.

"तुला ठाऊक होतं?"

"वसंतापासून. गाडीत सीटखाली बाळाचा मोजा सापडला होता. आपल्या घरात नऊ वर्षांत बाळ नाही."

"मग बोलली नाहीस?"

"कुणाला बोलू? त्याला? तो रडून घेईल, चार दिवस पाया पडेल, आणि पुन्हा जाईल." ती खड्ड्याच्या काठावर बसली. "तुम्हाला कसं कळलं?"

"खाली लिहिलंय. तारीख. कोणी म्हातारा आहे. अक्षर चांगलं आहे."

"म्हणजे तिचा बाप."

"असेल."

तिने टाच खड्ड्याच्या काठावर घासली. तिच्या रबरी बुटांना शेण लागलं होतं.

"मला वाटायचं, तुम्हाला ठाऊक नाही," ती म्हणाली. "आईंना उचलताना, गवत कापताना, मी मनात म्हणायची, म्हाताऱ्याला कळू दे एकदा. हा गप्प बसणाऱ्यांतला नाही. लगाम घेऊन पोराला अंगणभर फिरवेल. म्हणून मीच सांगत नव्हते. म्हटलं, तुमचं आणि त्याचं तुटेल, आणि या वयात तुम्हाला ते सोसणार नाही."

"झिपार..."

"आणि तुम्हाला कळल्याबरोबर तुम्ही काय केलंत? डबा लपवलात."

"तू गेलीस तर हिला कोण बघेल?" बेयशेन म्हणाला. आवाज त्याला वाटला त्याहून मोठा निघाला. "सांग ना. मी एकटा काय करू? मला साधी चूल पेटवता येत नाही!"

एकदा बोलून गेल्यावर ते मागे घेता येण्यासारखं नव्हतं. झिपारने मान हलवली, बाजारात एखादीने भाव ऐकून हलवावी तशी.

"खरं बोललात," ती म्हणाली. "बरं झालं. आता चहा घ्या. आणि तो आला की आज त्याला काही विचारू नका."

"नाही विचारत," बेयशेन लगेच म्हणाला. त्याला सुटल्यासारखंच वाटलं.

रात्री एरमेक डुलत आला, बापाच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "झालं का हो? तुमच्यासारखं काम अख्ख्या शहरात कोणी करत नाही." बेयशेन हसला. झिपारने भाकरी मोडून सगळ्यांपुढे ठेवली. मूग गिळून बसायची या घराला सवयच होती.

सकाळी अंगणात दव गोठलं होतं. एरमेकने गाडी सुरू करून तापायला ठेवली, आत जाऊन आईच्या कपाळाला ओठ लावले आणि बाहेर येऊन बघतो तर पुढच्या सीटवर झिपार. जाड कोट, लग्नात मिळालेला रुमाल डोक्याला. मागे मेरिम, मांडीवर शाळेचं दप्तर.

"कुठे निघालीस?"

"तुझ्याबरोबर."

"शहरात? काय काम आहे?"

"तुझ्या तिकडच्या सासऱ्यांना भेटायचंय. अक्षर चांगलं आहे म्हणतात त्यांचं."

एरमेकचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने बापाकडे पाहिलं. बेयशेन दाराशी उभा होता, हात कोटाच्या बाह्यांत.

"भांडायला नाही जात," झिपार म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. "पाळी लावायला जातेय. सुना दोन, सासू एक. तीन वर्षं मी केलं. आता काही दिवस तिने करावं. मी तिकडे राहीन, तिला इकडे पाठवून देईन. तिच्या बाळालाही आजी बघायला मिळेल."

"तुला वेड लागलंय. खाली उतर."

"तू चालव नाहीतर मी चालवते. घाट मलाही येतो, लग्नाआधी बाबांनीच शिकवला. माझ्या बाबांनी."

"बाबा, बोला ना काहीतरी!" एरमेक ओरडला.

म्हाताऱ्याला बोलता आलं असतं. सुनेला थांब म्हणता आलं असतं, पोराला चपराक मारता आली असती, तेही नाही तर चुकलो एवढं म्हणता आलं असतं. तो चाकाकडे बघत म्हणाला, "तेल भरलंय. गाडी त्रास देणार नाही."

झिपारने काच वर केली. एरमेक क्षणभर घुटमळला, मग पलीकडून येऊन बसला आणि दार आपटलं. त्याच वेळी घरातून सोनुनबूची हाक आली. तिला उठवून बसवायची वेळ झाली होती.

"झिपार!"

गाडी फाटकाबाहेर पडली, वळली, पॉपलरच्या रांगेमागे दिसेनाशी झाली.

"झिपार! ए झिपार!"

"आलो," बेयशेन म्हणाला आणि आत गेला. सोनुनबूने त्याला पाहिलं, त्याच्या मागे दाराकडे पाहिलं आणि वाट बघत राहिली. तो पलंगाशी उभा राहिला. तीन वर्षांत हे काम त्याने एकदाही केलं नव्हतं. त्याने हात पुढे केले, मागे घेतले, पुन्हा पुढे केले.

"आधी खांद्याला धरायचं," त्याने बायकोला विचारलं, "की कमरेला?"