मोठ्या माणसाचं रक्त

टेबलावर एकशे बारा कार्डं होती. प्रत्येकावर सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराच्या तपासणीसाठी बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताचे पाच वाळलेले ठिपके. ‘रक्त चढवलं का?’ हा रकाना नव्वद कार्डांवर कोरा होता. उरलेल्या बावीस कार्डांवर एकाच हस्ताक्षरात ‘नाही’.

“सगळी नॉर्मल ना?” विभागप्रमुखांनी विचारलं. पाठीमागे आम्ही त्यांना शंभरटक्के म्हणतो. तीन वर्षांत आमच्या अहवालात एकही आजारी बाळ नाही, याचा त्यांना कोण अभिमान! थर्मामीटर फोडायचा आणि ताप उतरला म्हणायचं.

“एकशे अकरा नॉर्मल. हे एक बघा, सर. तिसऱ्या दिवशी घेतलेलं कार्ड, आणि मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन शहाऐंशी टक्के.”

“चांगलंच की! पुढारलेलं बाळ दिसतंय.”

नवजात बाळात बहुतेक सगळं फीटल, म्हणजे पोटात असतानाचं हिमोग्लोबिन असतं, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. यांचं ते वर्ष बहुधा सुट्टीत गेलं असावं. मी वॉर्डला फोन लावला.

“चढवलं की,” सिस्टर म्हणाल्या. “कावीळ होती. पहिल्याच दिवशी जवळजवळ सगळं रक्त बदललं.”

“मग कार्डावर का नाही लिहिलं?”

“अगं बाई, तो रकाना कोण भरतं?”

म्हणजे आम्ही रक्तदात्याला तपासलं होतं. दाता ठणठणीत होता.

बाळाची आत्या दारातच उभी होती. “रिपोर्ट चांगला असला तर आजच घरी सोडतायत. भावाचं पहिलं मूल सिकलसेलनं गेलं हो.”

“द्या नॉर्मल लिहून,” शंभरटक्के मला म्हणाले. “उगाच फाटे फोडू नका.”

“मग सही तुम्ही करा, सर.”

त्यांचं बाहेर आलेलं पेन निमूटपणे खिशात परत गेलं.

रक्त चढवण्याआधी घेतलेला नमुना रक्तपेढी सात दिवस ठेवते. आज सातवा होता. मी तळमजल्यावर धावले. तिथला टेक्निशियन जुन्या नळ्या पिशवीत ओतत होता.

“दादा, थांबा!”

“आता कचऱ्यात हात घालणार का, ताई?”

“घालते.”

चौदावी नळी त्या बाळाची निघाली. मी ती वर आणून मशीनला लावली.

“मोठ्यांचं हिमोग्लोबिन अजिबात नसलं आणि सिकल असलं, तर आजार आहे,” मी आत्याला सांगितलं. ती बाकावर बसली.

फीटल एकोणनव्वद टक्के. सिकल अकरा टक्के. मोठ्यांचं शून्य.