विटांमागचा थर

"थांब. पहार खाली ठेव," एल्वूड टाट्रो दारातूनच म्हणाला.

डार्सी ग्रेव्हलिन भट्टीच्या तोंडात कमरेपर्यंत वाकली होती. मेपलचा रस आटवायच्या काहिली तिने उतरवून भिंतीला टेकवल्या होत्या आणि तडकलेल्या विटांच्या दोन ओळी उपसून काढल्या होत्या. विटांच्या मागे पिंजलेल्या कापसासारखा मळकट पांढरा थर दिसत होता.

"आलात काका? गावात ज्याला विचारावं तो म्हणतो, ती भट्टी टाट्रोची, त्यालाच बोलाव. गेल्या वर्षीपासून बाजूचा पत्रा नुसता लाल होतो. लाकडं जळतात, गुऱ्हाळ तापतं, पण रस काही उकळायचं नाव घेत नाही."

"आधी बाहेर ये. मोकळ्यावर बोलू."

त्याच्या आवाजात असं काही होतं की ती हात झटकत बाहेर आली. "झटकू नकोस," तो म्हणाला. "बर्फाने पूस."

मार्चचा पहिला आठवडा होता. गुडघाभर बर्फ अजून तसाच असला, तरी दुपारी पागोळ्या ठिबकू लागल्या होत्या. झाडांना दोन-तीन दिवसांत रस सुटणार होता, आणि एकदा सुटला की तो कुणासाठी थांबत नाही.

"तो थर अ‍ॅस्बेस्टसचा आहे," एल्वूड म्हणाला. "माझ्या हातचा. बहात्तर साली घातलेला."

डोंगरापलीकडच्या अ‍ॅस्बेस्टसच्या खाणीत त्याची वीस वर्षं गेली होती. खाणीच्या गिरणीतला उरलासुरला माल कामगारांना फुकट नेता यायचा. एल्वूडचे हात गवंड्याचे. रविवारी तो टेम्पोत पोती भरायचा आणि कुणाची ना कुणाची भट्टी आतून लिंपून द्यायचा. पत्र्याला हात लावला तरी पोळायचं नाही, सगळी धग काहिलीखाली राहायची, निम्म्या लाकडांत हंगाम निघायचा. खोऱ्यातल्या अकरा गुऱ्हाळांतून त्याला दर वर्षी पहिल्या पाकाची बाटली घरपोच यायची. पुढे या मालाची धूळ छातीत बसते असं रेडिओवर सांगू लागले, खाण बंद पडली, तेव्हा एल्वूड स्वतःशी म्हणाला होता, विटांच्या मागे आहे, तिथे कुणाला काय होणार?

"व्हर्नाकाकू..." डार्सीने सुरुवात केली आणि थांबली.

"नोव्हेंबरात गेली. फुफ्फुसाच्या अस्तराचा कॅन्सर. डॉक्टरणीने तिला विचारलं, तुम्ही खाणीत काय काम करत होता? ती म्हणाली, मी कशाला खाणीत जाऊ? मी यांचे कपडे धुवायची." तो पुढे म्हणाला, "रोज संध्याकाळी माझा कोट मागच्या पायरीवर झटकायची. घरात घाण नको म्हणून."

"आणि तुम्हाला?"

"दोनदा छातीचे फोटो काढले. काही नाही. बैलासारखा आहे मी."

डार्सीचा सासरा आर्मांड सहा वर्षांपूर्वी छातीनेच गेला होता. शेवटचे चार महिने बसल्या बसल्या झोपायचा. दर वर्षी हंगामाआधी भट्टीत शिरून तोच विटा बसवायचा, पाडायचा, पुन्हा बसवायचा.

"बाबा सिगारेट ओढायचे," ती म्हणाली.

"ओढायचा."

"डॉक्टर म्हणाले सिगारेटनेच."

"म्हणाले असतील."

"मग तुम्ही हे मला कशाला सांगताय?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तीस वर्षं गप्प होता. आता काय, काकू गेल्या म्हणून तुमचं ओझं हलकं करायला आलात?"

"हो, तसंच असेल," एल्वूड म्हणाला. "पण पहार तू नको मारूस."

हे काढणारी माणसं शहरातून येतात. डार्सीने फोन लावला, तर एप्रिलच्या मध्याशिवाय जमायचं नाही असं कळलं. तोवर झाडांना पालवी फुटून रस कडवट झाला असता. तिचा नवरा लाकूड गिरणीत पाठ मोडून घरी बसलेला, वर्षाची सगळी भिस्त या पाच आठवड्यांवर. ती फोन ठेवून बाहेर आली, तेव्हा एल्वूड टेम्पोतून फवारणीचा पंप, जाड प्लॅस्टिक आणि तोंडाला लावायचा मोठा मुखवटा उतरवत होता. सगळं तयारीनेच आणलं होतं.

"हे असं करायला परवानगी असते का?"

"नसते. तू घरात जा. खिडक्या लाव."

सोमवारचा सगळा दिवस तो भट्टीत होता. साबणाचं पाणी मारून थर भिजवायचा, चिखलासारखा झाला की हलक्या हाताने खरवडायचा, दुहेरी प्लॅस्टिकमध्ये बांधायचा. कोपऱ्यात एका ठिकाणी ओल्या लिंपणावर त्याच्याच पंजाचा ठसा उमटलेला होता, तरुण आणि रुंद. तोही त्याने खरवडून पिशवीत भरला.

उन्हं कलली तेव्हा तो दारात उभा राहिला आणि त्याने हाक मारली. डार्सी ओसरीवर आली.

"झालं. उद्या नवा थर घालतो. भाजलेल्या मातीच्या धाग्यांची गादी येते आता. यालाही मुखवटा लागतोच, पण त्याच्यासारखं नाही हे. त्यावर विटा. एक दिवस बारीक जाळ देऊन सुकव, मग भडकव."

"घरी असे जाणार?" तिने त्याच्या अंगाकडे पाहिलं.

"कपडे इथेच काढून बांधतो. टेम्पोत घोंगडी आहे."

ती आत गेली. परत आली ती घमेलंभर गरम पाणी, साबण आणि कपड्यांची घडी घेऊन. ते तिने बर्फातल्या ओंडक्यावर ठेवलं आणि पाठ फिरवून उभी राहिली.

एल्वूडने थंडीत उघड्याने अंग धुतलं, केस धुतले, नखं घासली. त्याला फार वेळ लागला. आर्मांडची लोकरी विजार त्याला पोटात सैल होत होती आणि कोटाच्या बाह्या मनगटापर्यंत पोचत नव्हत्या.

गुरुवारी रस सुटला. दुपारी एल्वूड कपडे धुऊन, इस्त्री करून परत द्यायला आला, तेव्हा गुऱ्हाळाच्या छपरातून वाफेचे लोट निघत होते. डार्सी काहिलीवरचा फेस काढत होती. तिने मान वर केली, पण पाकाची चव बघा असं म्हटलं नाही.

तो भट्टीपाशी गेला आणि त्याने पत्र्यावर उघडा पंजा टेकवला. पत्रा कोमट होता.

"कपडे," तो म्हणाला.

"राहू देत तुमच्याकडे." ती पुन्हा फेसाकडे वळली. "अजून किती जणांकडे जायचंय?"

"दहा. आज कूम्ब्जकडे. त्याने काल दार लावून घेतलं."

"त्याच्या बायकोला गाठा. ती ऐकून घेईल." थोड्या वेळाने, जाळात लाकूड सारता सारता, ती म्हणाली, "आणि कोट घालून जा. वर वारा आहे."

त्याने घडी मोडून कोट अंगात चढवला, बटणं लावली आणि चढाच्या रस्त्याला लागला.