धरणाऱ्याचा पाना

“धर,” गोमाजी म्हणाला आणि त्याने पाना फिरवला.

कोणी धरलं नव्हतं. बोल्टचं डोकं गरकन फिरलं, त्याच्याबरोबर पत्र्यात बसवलेली रिव्हेट नट फिरली आणि भोकाच्या कडेचा चकचकीत कीस खाली सांडला. भोक मोठं झालं. आता ते वेल्डिंगने बुजवायचं, घासून सपाट करायचं, पुन्हा पाडायचं. त्या आठवड्यात असं अनेकदा झालं होतं.

गुरुदत्त सबनीस ऑफिसच्या काचेमागून पाहत होते. ते बाहेर आले.

“कुणाशी बोलत होता, गोमाजी?”

“कुनाशी नाय, शेठ.”

“‘धर’ म्हणालात. ऐकलं मी.”

“सवय हाय.”

सबनीसांनी भोकावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेला कीस पॅन्टला पुसला आणि ते आत गेले. ते ओरडले असते तर गोमाजीला बरं वाटलं असतं.

मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत सबनीसांची ही शेड होती. तिथे विजेच्या पॅनेलची लोखंडी कपाटं तयार व्हायची. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात असतात तशी, पुरुषभर उंच, राखाडी रंगाची. त्यांचा पत्रा पातळ. त्यात आटे पाडता येत नाहीत. पाडले तर दोन-चारदा बोल्ट लावून काढताच झिजून जातात. म्हणून दाराच्या बिजागऱ्या जिथे यायच्या तिथे भोक पाडून त्यात रिव्हेट नट बसवायची. ही म्हणजे आतून आटे असलेली, वरच्या तोंडाला कॉलर असलेली नळी. ती वर खेचली की पत्र्यामागे तिची कंबर फुगते आणि कॉलर व फुगवटा यांच्यामध्ये पत्रा घट्ट धरला जातो. खेचण्यासाठी खास हत्यार मिळतं. सबनीसांकडे होतं ते लहान मापाचं. मोठ्या दारांच्या मापाचं नव्हतं, आणि त्यावाचून काही अडलंही नव्हतं. गोमाजी आणि भिवा होते.

त्यांची रीत साधी होती. लांब बोल्टवर एक जाड नट चढवायची, तिच्याखाली वॉशर घालायचा आणि बोल्टचं टोक रिव्हेट नटमध्ये पिळायचं. मग एकाने बोल्टचं डोकं पान्याने घट्ट धरून ठेवायचं. दुसऱ्याने खालची जाड नट फिरवायची. नट वॉशरवर दाबत जाते, बोल्ट वर येतो, रिव्हेट नटला वर ओढतो. धरणाऱ्याचा हात हलला की सगळंच फिरतं. फिरवणाऱ्याने थोडं आधी सोडलं तर नट ढिली राहते, थोडं जास्त फिरवलं तर आटे उपटून येतात.

धरायचा भिवा. फिरवायचा गोमाजी. आणि कधी थांबायचं ते भिवा सांगायचा. “बस.” एवढंच.

सुरुवातीला गोमाजीला ते विचित्र वाटलं होतं. जोर आपण लावतो, मग कळतं याला कसं?

“दादा, तू वढतोस,” भिवा म्हणाला होता. “वढनाऱ्याला आपलाच जोर लागतं. धरनाऱ्याला समोरच्याचा कलतं. जाल्याची दोरी धरल्यासारखा हाय. पयला जड, मंग मऊ, मंग एकदम दगड. दगड लागायच्या आदी थांबायचा.”

दोघे एकाच गावचे, डोंबिवलीच्या पश्चिमेला खाडीच्या काठचे. गोमाजीने खाडी केव्हाच सोडली होती. पाण्याला वास यायला लागला, मासळी काळी निघायला लागली, तेव्हा त्याने होडी विकून मानपाड्याचा रस्ता धरला. भिवाला त्यानेच मागून आणलं. पण भिवाने होडी ठेवली. रविवारी तो जाळं घेऊन जायचा.

गौरी-गणपतीच्या दिवसांतल्या अशाच एका रविवारी तो गेला. होडी पलीकडच्या काठाला तिवरांच्या झुडपांत अडकलेली सापडली. सरळ, न उलटलेली. जाळं आत होतं, घडी घातलेलं, कोरडं. म्हणजे त्याने ते पाण्यात टाकलंच नव्हतं. रेती काढून काढून खाडीच्या तळाला विहिरीएवढे खड्डे पडले होते. त्यात पाय गेला असेल, असं कोणी म्हणालं. पण होडीतला माणूस पाण्यात उतरला कशाला, हे कोणाला सांगता आलं नाही. गावातल्या होड्या रेतीबंदरापर्यंत फिरल्या. काही मिळालं नाही.

कारखान्यात त्याचा खाकी शर्ट खिळ्यावर राहिला. खाली फळीवर त्याचा पाना, फडक्यात गुंडाळलेला. भिवा शनिवारी जाताना तो असाच गुंडाळून ठेवायचा. बाकीची हत्यारं भिंतीवरच्या पाटीवर टांगलेली असत, कोणीही घ्यावीत. हा पाना वेगळा.

गोमाजी एकट्याने काम करू लागला. बोल्टच्या डोक्याला दात आवळून बसणारी पक्कड लावायची, तिचा दांडा दार ठेवायच्या लोखंडी घोडीच्या पायाला अडकवायचा आणि नट फिरवायची. पक्कड निसटायची. निसटली नाही तरी थांबायचं कधी ते कळायचं नाही.

मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत, शेडमध्ये दुसरं कोणी नसताना, नट फिरवताना त्याला ऐकू आलं.

“बस.”

त्याचा हात थांबला. त्याने वळून पाहिलं नाही. बोल्ट काढला, दार उलटं केलं, फुगवटा पाहिला. सगळीकडून सारखा होता.

त्यानंतर तो आवाज कधी यायचा, कधी नाही. आला की नट नेमकी बसायची. म्हणून गोमाजी वाट पाहू लागला. अर्धा फेरा फिरवायचा, थांबायचं, मान तिरकी करायची. एका दाराला अर्धा दिवस जाऊ लागला. न बसवलेली दारं भिंतीशी साठत गेली. पलीकडचे वेल्डर त्याच्याकडे पाहून एकमेकांना खुणा करत.

एका संध्याकाळी तो भिवाच्या घरी गेला. रंभा, भिवाची बायको, ओट्यावर सुकलेला जवळा निवडत होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. गावातल्या बाया त्यावरून कुजबुजत. तिच्या तोंडावर बोलायची कोणाची छाती नव्हती.

“या, भावजी.”

तो बसला. बराच वेळ जवळ्यातून काड्या निघत राहिल्या.

“त्याचा पाना कुनाला दिलाव?” तिने विचारलं.

“नाय.”

“देऊ नका.”

“नाय देत.”

“भरती लागली ना,” ती खाली बघतच म्हणाली, “का भिंतीला वल्हा टेकवल्याचा आवाज येतं. मी बाहेर जाऊन बगतंय, तं कोन नाय. सासूला नाय सांगितला. ती भगताला बोलवंल.”

“मना पन येतं,” गोमाजी म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याला वाटलं, बोलायला नको होतं.

रंभाचे हात थांबले. “काय बोलतं?”

“बस.”

ती थोडी हसली. “घरात पन येवढाच. भात वाढला का, बस. मी भांडली का, बस. लग्नात नाव घे बोलले तवा पन बस बोलला नाय म्हंजे मिलवली.”

दोघांनाही हसू आलं. मग ती एकदम म्हणाली, “तुमी त्याची जागा ठेवली तवर मी पन ठेवतंय. तुमी दिली, तं मंग मना कोन इचारनार?”

गोमाजी उठला. पाना कोणाला द्यायचा नाही, हे तेव्हा पक्कं झालं.

दिवाळी गेली. सबनीसांनी गोमाजीला ऑफिसात बोलावलं. बसायला सांगितलं.

“पंपघराची कपाटं शनिवारी जायलाच हवीत. ते लोक थांबणार नाहीत आणि त्यांचं चुकतंय असंही मी म्हणणार नाही. उद्यापासून एक माणूस येईल, नाथा म्हणून. टिटवाळ्याचा आहे. तो धरेल. चालेल?”

“शेठ, मी एकला करतंय.”

“नाही होत तुमच्याच्याने. मी बघतोय ना. नाथाशी जमलं नाही, तर दारांचं काम मी बाहेर देईन. मग तुम्हाला इथे काय देऊ, मला माहीत नाही. भिवाच्या घरीही निरोप पाठवलाय, त्याचं सामान घेऊन जावं म्हणून. कुणीतरी हे करायला हवं, गोमाजी.”

नाथा आला तो बोलतच आला. तिशीचा, अंगाने भरलेला, कानात अत्तराचा बोळा.

“मी ठाण्याला कंपनीत गेलेलो ना, मामा, तिकडे नट बसवायची गन होती. टक करून दाबली की खेळ खलास. तुम्ही लोक इथे काय कुस्ती खेळताय काय?” त्याने शर्ट काढून खिळा शोधला. “हा कुणाचा आहे? काढू का?”

“ऱ्हाऊ दे.”

“बरं, राहू दे. पाना कुठला घेऊ? हा?” त्याचा हात फळीकडे गेला.

“त्याला हात लावू नको.”

“का? पान्याला पण सोवळं असतं का तुमच्यात?” नाथा हसला. वेल्डरही हसले.

“पाटीवरचा घे.”

नाथाने पाटीवरचा घेतला. त्याचा जबडा झिजलेला होता. बोल्टच्या डोक्यावरून तो दोनदा सटकला. दुसऱ्या वेळी रिव्हेट नट फिरली आणि भोक गेलं. सबनीस काचेमागे उभे होते. नाथाने घाम पुसला.

“मामा, मस्करी नाही आता. तो चांगला पाना तिथे पडलाय आणि आपण भोकं मोडतोय. मी घेतोय. शेठना सांगा काय सांगायचं ते.”

त्याने फडक्याची घडी उलगडायला हात घातला तेव्हाच शेडच्या दारातून आवाज आला.

“ठेव तो.”

रंभा उभी होती. मासळीचा बाजार उरकून सरळ आली होती. डोक्यावर रिकामी टोपली, काष्ट्याच्या टोकाशी खवले चिकटलेले. सबनीसांचा निरोप तिला पोहोचला होता.

“काय वयनी, आज काय आणलंय?” नाथाने मासेवालीला विचारावं तसं विचारलं.

“तुना पचनार नाय. पाना ठेव.”

नाथाने हात काढला. सबनीस ऑफिसच्या दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले. रंभाने टोपली उतरवली. खिळ्यावरचा शर्ट पाहिला. त्याला हात लावला नाही. घोडीवर आडवं टाकलेलं दार पाहिलं, त्यात उभा असलेला बोल्ट पाहिला.

“हा धरायचा व्हय?” तिने गोमाजीला विचारलं.

“व्हय. पन वयनी...”

“दुसऱ्याच्या हाती जानार असंल, तं मीच धरतंय.”

तिने फडकं सोडलं. पाना बाहेर काढला, हातात तोलला आणि बोल्टच्या डोक्यावर बसवला. बोटं मिटून, कोपर बरगडीला लावून, ओली दोरी धरावी तशी ती उभी राहिली. गोमाजीने तिला हे दाखवलं नव्हतं. भिवा असाच उभा राहायचा.

गोमाजी नट फिरवू लागला. पहिला फेरा जड गेला. रंभाचा हात हलला नाही. दुसरा जड. मग हलकं वाटलं की तसा भास झाला, ते त्याला सांगता आलं नसतं. सवयीने त्याने मान तिरकी केली.

“बस,” रंभा म्हणाली.

गोमाजी थांबला नाही. त्याला ते ऐकू आलं होतं, पण तो दुसऱ्या आवाजाची वाट पाहत होता. पाना आणखी फिरवायला त्याने जोर घेतला.

“बस बोलली ना, भावजी.”

त्याने हात सोडले. बोल्ट उलटा पिळून काढला. दाराखाली हात घालून फुगवटा बोटांनी चाचपला. सगळीकडून सारखा.

“बरा हाय?”

“बरा हाय.”

दोघेही तसेच उभे राहिले. शेजारच्या शेडमध्ये प्रेस चालू होता, त्याचे ठोके येत होते. वेल्डरने काच डोळ्यांवर ओढली. दुसरं काही ऐकू आलं नाही. गोमाजीने रंभाकडे पाहिलं. तीही कान देऊन होती.

“नाय ना?” तिने हळूच विचारलं.

“नाय.”

तिने मान हलवली. “लाव दुसरा,” ती म्हणाली.

पाळी सुटेपर्यंत ते भिंतीशी साठलेल्या दारांना लागले होते. नाथा दारं उचलून घोडीवर ठेवत होता, उलटी करत होता, आणि हळूहळू गप्प झाला होता. एकही भोक गेलं नाही. रंभा दर वेळी म्हणायची आणि गोमाजी लगेच थांबायचा. शेवटी शेवटी तो वाट पाहायचा विसरला. विसरला हे लक्षात आलं तेव्हा त्याच्या हातातला पाना क्षणभर जागच्या जागी राहिला.

सबनीस जवळ आले. “उद्या याल का?” त्यांनी रंभाला विचारलं.

“बाजार करून येन.”

ते गेल्यावर तिने शर्ट खिळ्यावरून काढला. टोपलीच्या तळाशी त्याची घडी घातली. फडकं उचलून कपाळाचा, मानेचा घाम पुसला आणि तेही टोपलीत टाकलं. मग तिने पाना हातात घेतला. फळीवर ठेवायला वाकली, पण ठेवला नाही. भिंतीवरच्या पाटीकडे गेली आणि बाकीच्या पान्यांमध्ये, आकारानुसार जिथे त्याची जागा रिकामी होती तिथे, तो टांगला.

“जातंय, भावजी.”

गोमाजीने दिवे घालवण्याआधी एकदा पाटीकडे पाहिलं. त्या रांगेत कोणता भिवाचा, ते ओळखायला त्याला जवळ जावं लागलं.