एक दिवस जास्त

विद्यापीठाच्या समुद्रशास्त्र विभागात तिला सगळे पाठीमागे मास्तरीण म्हणत. ती शिकवत कुणालाच नव्हती, पण दुसऱ्याच्या तक्त्यातली चूक तिला दारातूनच दिसायची आणि दिसली की बोलून मोकळी व्हायची. प्रशांत महासागराच्या अभ्यासासाठी चार देशांतल्या चार विद्यापीठांनी मिळून करार केला होता. त्यांच्या बंदरांवरून समुद्राच्या पातळीचे आकडे यायचे आणि ते सगळे एका पडद्यावर जुळवायचं काम हिच्याकडे होतं.

या वेळी ते काही केल्या जुळेनात. मोठं वादळ आलं, तेव्हा सगळीकडे पाणी वादळाबरोबर चढलं होतं. एका बेटावर मात्र ते चढलं दुसऱ्या दिवशी, वादळ आपल्या वाटेने निघून गेल्यावर. इतका आळशी समुद्र मास्तरणीने आजवर पाहिला नव्हता.

गेल्या आठवड्यातल्या ऑनलाइन बैठकीत ती सगळ्यांदेखत म्हणाली, "हे आकडे मोजलेले नाहीत, मनाने भरलेले आहेत."

बेटावरच्या विद्यापीठातल्या प्राध्यापिकाबाई मग म्हणाल्या, "आम्ही पाठवलंय ते बरोबर आहे. तुम्ही पुन्हा एकदा बघा."

झालं! मास्तरणीला कुणी 'पुन्हा बघा' म्हणायचं म्हणजे काय? तिचा पारा चढला तो उतरेचना. त्यात आणखी एक मेख होती. तिची सख्खी भाची याच करारातून त्या बेटावर, याच बाईंच्या हाताखाली पीएचडी करत होती. करार मोडला तर पोरीला अर्धं काम टाकून परत यावं लागणार होतं. ते मास्तरणीला मुळीच नको होतं. पण भाचीसाठी मावशीने डोळेझाक केली असं कुणी म्हणायला नको, म्हणून ती दुप्पट कडक झाली. बेटाच्या विद्यापीठाला करारातून वगळायचं पत्र तिने स्वतः लिहिलं आणि सहीसाठी विभागप्रमुखांकडे दिलं. गुरुवारी सकाळी पाठवतो, असं ते म्हणाले होते.

त्याच गुरुवारी ऑफिसात येऊन बसल्याबसल्या तिने भाचीला फोन लावला.

"काय गं, वाढदिवस ना आज तुझा?"

"काल होता, मावशी. म्हणजे इथला काल… अगं, जाऊ दे." भाची हसायला लागली. "इथं मंगळवारी होता."

"मंगळवारी कसा? तू बुधवार म्हणालीस, तुम्ही आमच्या एक दिवस मागे, म्हणून एक मिळवला, गुरुवार."

"अगं, मी बुधवार सांगितला तो तुझ्याकडचा. गेल्या वर्षी तू घोळ घातलास, म्हणून या वेळी हिशेब मीच करून दिला होता. त्यावर तू पुन्हा एक दिवस चढवलास. काल दिवसभर फोनकडे बघत बसले होते मी."

मास्तरणीने फोन ठेवूनच दिला. तिकडे भाची "मावशी? मावशी?" करत राहिली असणार.

तिने घाईघाईने पडद्यावर बेटाच्या आलेखाची रेघ उघडली. ही रेघ आली, तेव्हा तिने डोळे मिटून तिच्यात एक दिवस मिळवला होता, कारण बेट आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पलीकडे, तिकडची तारीख मागे असते हे तिला पाठ होतं. तो दिवस तिने आता काढून टाकला. बेटावरचं पाणी शेजारच्या बेटाबरोबर चढलं, त्याच्याबरोबर उतरलं, रेघेवर रेघ बसली. बाईंनी तारखा आधीच इकडच्याशी जुळवून पाठवल्या होत्या. समुद्र मुळीच आळशी नव्हता.

पण आता तिची पाचावर धारण बसली, कारण पत्र सकाळीच जायचं होतं. ती जिन्यावरून धावत वर गेली. या बाईला धावताना विभागाने प्रथमच पाहिलं.

विभागप्रमुखांना सगळे कासव म्हणत. साध्या सुट्टीच्या अर्जावरही त्यांची सही आठवडाभर होत नसे, आणि त्यावरून मास्तरणीने त्यांना मनातल्या मनात काय काय बोल लावले होते ते लिहिण्यासारखं नाही. ते खुर्चीत चष्मा पुसत बसले होते.

"सर, ते पत्र गेलं?"

"कुठलं? ते होय? अहो, रागाचं पत्र मी लगेच पाठवत नाही. आणि तुमचं तर फारच तिखट होतं. ते जरा मऊ करायला घेतलं, तर पहिल्याच वाक्यावर अडकलोय."

तिचा जीव भांड्यात पडला. ती समोरच्या खुर्चीत बसली आणि तिला चक्क रडू आलं.

"चूक माझी आहे, सर. आकडे बरोबर होते."

"असं होय," ते म्हणाले, आणि त्यांनी पत्र फाडून टाकलं. ते काम मात्र त्यांनी लगेच केलं.

तिला गुपचूप रेघ सुधारून मोकळं होता आलं असतं. पण ती बोलली होती चारचौघांत. खाली येऊन तिने प्राध्यापिकाबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. वाढवलेला दिवस सांगितला, पत्रसुद्धा सांगितलं.

"मला राग आला होता," बाई म्हणाल्या. "खूप. माझी मुलं भर उन्हात बंदरावर उभी राहून ती यंत्रं सांभाळतात."

"पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर माफी मागणार आहे. पत्र आज, गुरुवारी, जाणार होतं. गेलं असतं तर काय तोंड दाखवलं असतं मी?"

बाईंच्या आवाजात हसू आलं.

"गुरुवारी ना? इथं अजून बुधवारच आहे. म्हणजे आमच्याकडे तुम्ही अजून काही केलेलंच नाही."

मास्तरीण हसली. कितीतरी दिवसांनी तिला मोकळं हसू आलं.

"तुमची भाची इथंच उभी आहे," बाई म्हणाल्या. "मावशीने अर्ध्यावर फोन ठेवला म्हणून घाबरून माझ्याकडे आलीय. काय सांगू तिला?"

तेव्हा मास्तरणीच्या लक्षात आलं, की शुभेच्छा द्यायच्या राहूनच गेल्या.

"वाढदिवसाच्या शुभेच्छा सांगा."

"सांगते," बाई म्हणाल्या. "पण शुभेच्छांना उशीर झालाय. आमच्याकडेसुद्धा."